बिननावाचा डबा

मंगळवार, ९ जुलै

छापून आलं! पहिल्याच पानावर. बसस्टॉपवर पेपर उघडला आणि तसाच मिटून पिशवीत कोंबला, जसा काही माझा फोटोच आहे त्यात. नाही. माझं नाव कुठेच नाही. तीनदा बघितलं.

ऑफिसात सगळे चिडीचूप. बावीस माणसं आम्ही, आणि एकही जण म्हणत नाही की आज आपल्या खात्याबद्दल काय आलंय बघा. ग्रॅहमसाहेब दार लावून बसलेत. नोएलीन तेवढी कुजबुजली, "अगं रोंडा, वाचलंस का?" मी म्हटलं, "काय गं?" ती माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

बुधवार, १० जुलै

लिहू नये खरं तर. पण एकतीस वर्षं या वह्यांशी खोटं बोलले नाही, आता कुठे सुरू करू?

तर — मीच दिले ते कागद. मी, रोंडा टकवेल, वय एकोणसाठ, फायली लावणारी बाई.

आमच्या खात्याला कुणाच्याही फोनची यादी मागवता येते. कोणी कोणाला फोन केला, कधी, किती मिनिटं. बोलणं काय झालं ते नाही, नुसती यादी. कोर्टात जावं लागत नाही. एक फॉर्म, आणि त्यावर वरच्या साहेबाची सही, की 'मी सर्व बाजूंनी विचार करून परवानगी देत आहे'. काम झालं की फॉर्म फायलीला माझ्याकडे. गेल्या वर्षी एक गठ्ठा चुकून आधीच माझ्या टेबलावर आला. साठ फॉर्म. सगळे कोरे, आणि सगळ्यांच्या खाली सही! म्हणजे साहेब सोमवारी सकाळी सह्या ठोकून मोकळे, नावं मग आठवडाभर भरत बसायची. कसला विचार आणि कसलं काय!

मग मी नावं वाचायला लागले. आधी कधी वाचत नव्हते, ते माझं काम नव्हे. हॉस्पिटलविरुद्ध तक्रार केलेल्या दोन नर्सेस. एक शाळामास्तर. विमानांच्या आवाजाविरुद्ध सह्या गोळा करणारी एक म्हातारी, ऐंशी वर्षांची! ती कोणाला फोन करते हे सरकारला कशाला हवंय?

ग्रॅहमना सांगितलं. "गोपनीय आहे, रोंडा." अशा गोष्टींवर देखरेख ठेवायला एक वेगळं ऑफिस आहे, तिथे रीतसर लिहिलं. उत्तर आलं — 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' नऊ महिने नोंदच घेताहेत.

शेवटी शुक्रवारचा चहा कामी आला. दर शुक्रवारी साडेदहाला सगळे एकत्र चहा घेतो, ज्याने-त्याने घरून काहीतरी करून आणायचं. माझे लॅमिंग्टन ठरलेले, खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केकचे चौकोन. गेटवर संध्याकाळी पिशव्या उघडून बघतात, पण केकचा डबा कोण उपसतो? वर चार उरलेले लॅमिंग्टन, खाली बटरपेपर, त्याखाली अकरा भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स. गेटवरच्या बॅरीने एक उचललासुद्धा. "रोंडा, तुझ्या हाताला चव आहे हां!" मी झाकण लावलं. शनिवारी बाजाराच्या पार्किंगमध्ये डब्यासकट सगळं इमोजेनला दिलं. ही त्या पेपरची बातमीदार. दिसते अगदी शाळकरी. मी तिला काय म्हणाले, तर "जपून ने, खोबरं सांडेल."

सोमवार, १५ जुलै

चौकशी लागली. तिसऱ्या मजल्यावर स्ट्रॅकन म्हणून एकजण येऊन बसलाय. मऊ स्वेटर, मऊ आवाज. "मला इयनच म्हणा." आरडाओरडा करणारा परवडला!

सगळ्यांना एकत्र बोलावून म्हणाला, "ज्याने केलं त्याचा हेतू चांगलाच असेल. पण कायदा हेतू विचारत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे." मग हसून, "बिस्किटं घ्या ना."

सात वर्षं. नवऱ्याच्या, लायलच्या, शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते. कंपवात झाल्यापासून त्याला काटा-चमचा धरवत नाही, दर चार तासांनी गोळी, एक चुकली तर जागचा हलत नाही. मुलगा पर्थला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी आत गेले तर या माणसाचं कोण करणार? हे आधी सुचायला हवं होतं ना, बाई! सुचलं होतं. तरी दिले.

गुरुवार, १८ जुलै

तो नवा डेमियन. मे महिन्यात आला. आज विचारतो, "रोंडा, जुन्या फॉर्मच्या फायली तुम्ही कुठल्या कपाटात ठेवता?" का रे बाबा? तुला काय करायचंय? अकरा चाळीसला विचारलं. निळा शर्ट.

लिहिलं आणि मग वाचलं. अरे देवा — मीच आता लोकांच्या नोंदी ठेवायला लागले!

शनिवार, २० जुलै

समोर पांढरी व्हॅन. कालपासून. लायलला म्हटलं, पडदा ओढ. तो म्हणतो, "रोंडा, त्यावर प्लंबर लिहिलंय." म्हटलं, लिहितील काय वाट्टेल ते. दुपारी शेजारीण स्वतःच सांगत आली की पाइप फुटलाय, तुमच्याकडून दोन बादल्या पाणी मिळेल का.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मंगळवार, २३ जुलै

पेपरच्या ऑफिसवर छापा पडला. सातच्या बातम्यांत दाखवत होते. पोलीस खोकी उचलून नेताहेत, कॉम्प्युटर, वह्या — आणि एकाच्या हातात पारदर्शक पिशवीत माझा डबा! तोच. झाकणावर खंड्या पक्ष्याचं चित्र, कडेला पोचा.

माझी तर पाचावर धारण बसली. कारण डबा नाही — डब्याचं बूड. बुडाला कागदी पट्टी चिकटवलेली, त्यावर माझ्या अक्षरात 'आर. टकवेल'. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर जातच नाही. आईने शिकवलं, सासूने शिकवलं, चर्चच्या जेवणाला न्या नाहीतर मयताच्या घरी न्या, बुडाला नाव हवं, म्हणजे भांडं परत येतं. सरकारची गुपितं चोरली आणि त्यावर स्वतःचं नाव घालून दिलं! या देशात दुसरी अशी बावळट सापडायची नाही. किंवा सापडेलही. सगळ्याच असं करतो आम्ही.

लायल म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "डोकं दुखतंय."

बुधवार, २४ जुलै

कोणी आलं नाही.

गुरुवार, २५ जुलै

आजही नाही. का नाही येत? येऊन टाका ना एकदाचे!

सोमवार, २९ जुलै

चहाच्या खोलीत ओट्यावर माझा डबा! स्वच्छ धुतलेला. शेजारी चिठ्ठी — 'हा कुणाचा? कृपया घेऊन जावा.'

मी किटली भरली. खोलीत कोणी नाही बघून डबा ओट्यावरच जरासा कलता केला. बुडाला पट्टी नाही! नुसती चिकट चौकट राहिलीय. म्हणजे इमोजेनने पहिल्याच दिवशी काढून टाकली असणार. शहाणी गं पोर! मी उगीच तिला शाळकरी म्हटलं.

पण तो स्ट्रॅकनही कच्च्या गुरूचा चेला नाही. चिकट चौकट बघून त्याला बरोब्बर कळलं — हा शुक्रवारच्या चहाचा डबा, आणि चांगला डबा कोणी बाई सोडून देत नाही. उचलेल ती चोर. वर छताला नवा धुराचा अलार्म बसलाय. मागच्या आठवड्यात नव्हता, आत कॅमेराच असणार. आणि मी त्याच्याच खाली डबा कलता केला!

बुधवार, ३१ जुलै

कोणी बोलावलं नाही. म्हणजे अलार्म खरंच अलार्म असेल, नाहीतर डबा हलवणाऱ्या बऱ्याच जणी असतील. खुशाल पडू दे म्हणावं डबा तिथेच. मी त्याच्याकडे बघत नाही. पण न बघणंही दिसतं! म्हणून दिवसातून एकदा बघते, सगळ्यांसारखी. दर शुक्रवारी यातलं खातात सगळे, पण ओळखीचा आहे असं कोणी म्हणत नाही.

डेमियनने झाकण उघडून वास घेतला. ग्रॅहम लांबून वळसा घालून जातात. नोएलीन? ढुंकून बघत नाही. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, सगळ्या मजल्याच्या उठाठेवी करणारी नोएलीन, आणि बिनमालकाच्या डब्याबद्दल एक अक्षर नाही? काल पंचवीस मिनिटं ती तिसऱ्या मजल्यावर होती. परत आल्यावर म्हणे, "सुट्टीचा अर्ज." सुट्टीचे अर्ज तिसऱ्या मजल्यावर कधीपासून?

शुक्रवार, २ ऑगस्ट

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

साडेदहाचा चहा. मी जॅम लावून खायचे स्कोन नेले, कागदी ताटलीत. सगळे जमलेले, स्ट्रॅकनसुद्धा कप घेऊन भिंतीला टेकलेला. आणि नोएलीन मोठ्याने, "हे काय रोंडा, आज कागदी ताटली? तुझा डबा कुठे गेला?"

बावीस माणसांत!

मी म्हटलं, "गंजला. टाकला." आवाज कुठून आला कोण जाणे. स्ट्रॅकनने कपातून मान वर केली. डेमियन जॅम लावत होता तो थांबला. नोएलीन माझ्याकडे बघतेय. मग ती एकदम ओट्याकडे गेली, डबा उचलला आणि काखेत मारला. "अगंबाई, हा तर माझाच! आणि मी मेली घरभर शोधतेय. कोणी धुतला? त्याचं भलं होवो!"

तिचा? तिच्या बापजन्मी तिने कधी केक केला नाही, दुकानातली बिस्किटं आणते.

तेव्हा आता सगळं स्वच्छ दिसतंय. तिला वरून पढवलेलं आहे. आधी सगळ्यांसमोर मला विचारायचं, मग डबा उचलायचा आणि मी काय करते ते बघायचं. वीस वर्षांची मैत्रीण! लायलच्या आजारपणात रात्रंदिवस माझ्याबरोबर हॉस्पिटलात बसलेली! भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर शेजारच्या खुर्चीलाच होते. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. बस धरायलाही तिच्याआधी निघाले.

मंगळवार, ६ ऑगस्ट

नोएलीनला वर बोलावलं. अडीच तास. खाली आली, कोट घातला आणि गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. झालं. सांगितलंन सगळं.

घरी येऊन लायलच्या गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलं. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

बुधवार, ७ ऑगस्ट

मला न्यायला कोणी आलं नाही. नोएलीनचं टेबल रिकामं. ग्रॅहम म्हणाले, "नोएलीन तब्येतीच्या कारणाने लवकर निवृत्त होत आहे. तिला फोन करू नये, आराम हवा आहे."

चौतीस वर्षं नोकरी, आणि निरोपाचा चहा नाही? इथे तीन महिन्यांच्या टेंपररीलासुद्धा केक कापतात! कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना कळलं. मला सगळ्यांत शेवटी.

शनिवार, १० ऑगस्ट

क्वीनबियनला गेले, नोएलीनच्या घरी. फोन न करता. दार उघडलं आणि म्हणते कशी, "ये. स्कोन आणलेस का? त्या दिवशी एकही खायला मिळाला नाही."

मी म्हटलं, "का केलंस हे?"

"मूर्खपणा निस्तरला, दुसरं काय! अगं, मी तोंडाने बोलून गेले — डबा कुठे गेला म्हणून. मला काय ठाऊक? माझ्या मनातही नव्हतं. आणि मग तुझं तोंड बघितलं. पांढरंफटक! तेव्हा ओट्यावरच्या डब्याचा पोचा दिसला मला. वीस वर्षं त्यातलं गिळलंय, बये, डबा ओळखणार नाही? आणि तो स्ट्रॅकन तुझ्याकडे बघायला लागलेला."

"मग तू उचललास."

"मग काय नाचू? माझ्याच जिभेने तुला पकडून दिलं असतं."

"आणि आधी वर कशाला गेली होतीस? पंचवीस मिनिटं?"

ती हसायलाच लागली. "मोजलीस होय? अगं, तिसऱ्या मजल्यावरचं संडास गरम असतं. या जुलै-ऑगस्टच्या थंडीत आपल्या मजल्यावर बसवतं का कुणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकलं तिला, की मी तुला त्यांचा कान समजले. लागलं तिला. मग म्हणाली, "आपण फायली लावायचो ना त्या, त्याचाच हा परिणाम."

तिने निवेदनावर सही केलीय की, कागद मी नेले, एकटीने नेले, आणि यापुढे मरेपर्यंत कुणाशी बोलणार नाही. "मला कोण आहे? नवरा गेला, मूल नाही. तुझ्या लायलला कोण बघेल? आता गप्प बस आणि चहा घे."

घेतला.

रविवार, ११ ऑगस्ट

लायलला सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, दे." मग, "पण नोएलीनच्या जिवावर मी गोळ्या खाणार नाही. माझी बटणं हे काही कारण नव्हे, रोंडा. बिनबटणांचे शर्ट मिळतात."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भीती गेली नाही. पण एकटीची राहिली नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

गेले तिसऱ्या मजल्यावर. स्ट्रॅकनसमोर बसले आणि म्हटलं, "डबा माझा. कागद मी नेले. नोएलीनला काही माहीत नव्हतं. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं नाही! पेनचं टोपणही काढलं नाही.

"रोंडा, तुम्ही मैत्रिणीसाठी बोलताय. मोठं मन आहे तुमचं."

"मैत्रिणीसाठी नाही, खरं म्हणून. कुठल्या मशीनवर झेरॉक्स काढल्या ते सांगते. कुठल्या दिवशी ते सांगते."

"नका सांगू," तो म्हणाला. त्याच मऊ आवाजात. "निवेदन आलंय, सही झालीय, प्रकरण मिटलंय. तुमचं ऐकलं तर खटला होईल. खटला झाला की ते फॉर्म कोर्टात वाचावे लागतील. सह्या, तारखा, नावं. ते कुणाला हवंय? घरी तुमचे मिस्टर आजारी आहेत. जा घरी."

म्हणजे याला सगळं माहीत आहे. बहुधा पहिल्यापासून. महिनाभर मी घाबरत होते की हा माणूस खरं शोधून काढेल!

मंगळवार, १३ ऑगस्ट

खात्याचं पत्रक आलं. 'प्रसिद्ध झालेले फॉर्म हे प्रशिक्षणासाठी तयार केलेले नमुने होते. मानसिक ताणाखाली असलेल्या एका कर्मचारी महिलेने ते गैरसमजातून बाहेर नेले. कोणाही नागरिकाची माहिती मागवण्यात आलेली नाही.'

नमुने! त्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या फोनची यादी मी या हातांनी फायलीला लावलीय. आणि नोएलीन वेडी! तिची सही घेतली, तोंड बांधलं आणि वर वेडी ठरवली. रागाने मला लिहवतही नाही. लायल म्हणाला, "चहा थंड होतोय."

बुधवार, १४ ऑगस्ट

रजा टाकली. सकाळी दहा वाजता बैठकीतल्या फोनवरून, आमच्या नावावरच्या, इमोजेनला फोन लावला. ती किंचाळलीच, "या नंबरवरून? ठेवा, ठेवा फोन!" म्हटलं, नाही ठेवत. माझं नाव लिहून घे, पूर्ण, आणि छाप.

आमचा नंबर, तिचा नंबर, सकाळचे दहा, बेचाळीस मिनिटं. स्ट्रॅकनने लिहून घेतलं नाही, आता इमोजेनच्या फोनच्या यादीत येईल. फॉर्म उद्या-परवा फायलीला माझ्याच टेबलावर येईल, आणि मी तो माझ्या नावाखाली लावीन.